पक्का पाय

४ जून

काडी,

आणि वर मोठ्या अक्षरांत काय, तर ‘अज्ञानाच्या अंधारातल्या या आदिवासी भगिनीला उजेडाचा हात द्या’! अरे, कोणाचं अज्ञान? कसला अंधार? भर दुपारी अंगणात टोपली विणत बसलीय ती. डोक्यावर ऊन आहे, तुझ्याच फोटोत दिसतंय. आणि भगिनी कोण? ती माझी आई आहे. तुझी मामी आहे. तुला ताप आला की रात्रभर मांडीवर घेऊन बसायची ती. तिला जाऊन सहा वर्षं झाली आणि तू तिला भिंतींवर चिकटवून लोकांकडे पैसे मागतोयस.

टोपल्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर पत्रक घेऊन आला. म्हणतो, “बाई, तुमच्या घरचा फोटो शहरभर लागलाय. बसथांब्यावर, बँकेत, औषधांच्या दुकानात.” त्याला वाटलं मी खूश होऊन चहा पाजीन. मी त्याला दारातूनच घालवला. मग बसून वाचलं. दुसरीपर्यंतची शाळा माझी, जोडाक्षर आलं की अजून घसरते, पण सगळं वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. प्रत्येक वेळी जास्तच राग आला.

कशासाठी मागतोस ते मला कळतं, मला शिकवू नकोस. नर्सबाईची जीप दर बुधवारी वस्तीवर येते ती तुमच्या संस्थेच्या वर्गणीवर. त्या जीपमधून आत्याच्या सुईचं औषध येतं. आत्या म्हणजे तुझी सख्खी आई, विसरला असशील तर सांगते. मी वस्तीवर परत आल्यापासून ते औषध मीच ओल्या मडक्यात ठेवते, रोज सकाळी मीच तिला टोचते. वर्गणी आली नाही तर जीप बंद, आणि जीप बंद तर मडकं रिकामं, एवढं मला नर्सबाईने समजावलंय. म्हणून तू पैसे मागतोस याचा राग नाही. माग की. खुशाल माग. पण माझ्या आईला भिकारीण करून मागू नकोस.

आणि फोटो तरी कसला शोधलास! मान खाली. आई कधी मान खाली घालून विणायची का रे? जरा आठव. शाळा शिकलास म्हणून अंगण विसरलास का?

ओल्या बांबूचा वास यायचा सगळ्या अंगणात. बायका ओळीने बसायच्या, पाय पुढे पसरून. कामटी पायाच्या बोटांत धरलेली, हात आपले आपण चाललेले, आणि डोळे मोकळे. तोंडं तर त्याहून मोकळी. एकीने दुसरीच्या सासूची नक्कल करायची आणि सगळ्यांनी हसून लोळायचं, पण टोपलीचा फेरा चुकायचा नाही. आणि आई आपल्याकडे बघत असायची. आपण कुंपणापाशी काय खातोय, कोणाला ढकलतोय, सगळं तिला दिसायचं. तू एकदा माझ्या हातातला आवळा पळवलास तेव्हा तिने विणता विणता तुला कामटी फेकून मारली होती, आणि तिथूनच दुसरी उचलून बोटांत धरली. खाली बघितलंसुद्धा नाही.

नव्या पोरीचे पाय बांबूच्या कुसळांनी सोलून निघायचे. मग हळूहळू कुसळ लागेनासं झालं की म्हाताऱ्या म्हणायच्या, हिचा पाय पक्का झाला, हिला आता मोठी टोपली द्या. माझा पाय पक्का झाला त्या दिवशी मी किती मिरवले होते! आणि आईचा पाय तर साऱ्या वस्तीत पक्का. शेवटी शेवटी तिच्या तळव्यात बोटभर कुसळ घुसलं होतं आणि तिला पत्ताही नव्हता. बायका बघायला आल्या होत्या, पाय असावा तर असा म्हणून. पुढे साखरेच्या दुखण्याने तोच पाय कापायला लावला आणि मग ती राहिलीच नाही, ते वेगळं.

साखर म्हटलं की मला आपलं लहानपण आठवतं. ताप उतरला की चिमूटभर जिभेवर, तीही आईच्या बोटावरून चाटायची. एरवी दिवसभर डोंगर चढायचा, कंद खणायचे, पाणी आणायचं. आता डोंगरात गेलं की जंगलाचा पहारेकरी हाकलतो, आणि वस्तीच्या तोंडाशी दुकान आहे, तिथे पाण्याआधी रंगीत गोड बाटली मिळते. घरोघरी साखरेचं दुखणं. आणि अंगणात कोणी बोलत नाही हल्ली. बायका बसतात ओळीने, पण गप्प. मला वाटतं आमची वयं झाली.

ते जाऊ दे. फोटो काढून टाक. सगळीकडून. नाहीतर मी ट्रकमध्ये बसून येईन आणि नखांनी खरवडून काढीन.

ताई


१५ जून

ताई,

तुझं पत्र उघडलं आणि खुर्ची जरा मागे सरकवली. लहानपणी तुझी तोफ सुटली की आम्ही पोरं सरकायचो तशी. पस्तीस वर्षांत तोफेचा पल्ला कमी झालेला नाही, हे बघून बरं वाटलं.

फोटो काढून टाकले. सोमवारपासून माणसं लावून शहरातली सगळी पोस्टरं उतरवली. आमच्या संस्थेच्या सेक्रेटरीबाई नाराज आहेत, पण मी त्यांना सांगितलं की घरच्यांची परवानगी घेतली नव्हती, चूक माझी. त्या जागी आता रक्ताच्या थेंबाचं चित्र लावलंय. ‘अंधार’ आणि ‘भगिनी’ हे शब्द माझे नव्हते, एवढं तरी माझ्या बाजूने ऐकून घे. पण फोटो माझाच. निवडलेलाही मीच.

का निवडला ते सांगतो. ऑफिसचा कॅमेरा घेऊन मी आलो होतो, आठवतं? तू माहेरी नव्हतीस तेव्हा. मामी अंगणात बसली होती. मी कॅमेरा लावला आणि तिने मान खाली घातली. मला वाटलं, लाजली. ताई, मामी लाजते हे माझ्यासाठी इतकं नवीन होतं! जिने मला पळतापळता धरून विहिरीवर आंघोळ घातली, जिच्या एका नजरेने आख्ख्या वस्तीची पोरं गप्प व्हायची, ती माझ्यासमोर लाजली. मला एकदम मोठा झाल्यासारखं वाटलं. तो फोटो मी इतकी वर्षं टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. वर्गणीसाठी चेहरा हवा म्हणाले तेव्हा माझा हात आपोआप तिथेच गेला.

इथे माझ्या टेबलाशी खिडकी आहे आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. संध्याकाळी तिच्यावर जरासं ऊन येतं, अगदी अंगणात मांडवाखाली यायचं तसं पट्ट्यापट्ट्यांचं. मी तेवढ्यापुरतं काम थांबवतो. वासाचं तू लिहिलंस, तो वास मला किती वर्षांत आला नाही. आता इकडे टोपल्याही प्लॅस्टिकच्या.

खोटं कशाला सांगू, फोटो होता तेव्हा लोक थांबायचे. बँकेतला शिपाई म्हणाला, माणसं रांगेत उभी राहून त्या बाईकडे बघत बसायची आणि जाताना पेटीत काहीतरी टाकायची. थेंबाकडे कोणी बघत नाही. पण तू म्हणतेस तर नाही म्हणजे नाही. काहीतरी मार्ग निघेल. आईच्या औषधाची तू काळजी करू नकोस, मी बघतो.

आईला सांग, मी बरा आहे. पायाला तेल लावते ना अजून?

तुझा काडी


९ जुलै

काडी,

“काळजी करू नकोस, मी बघतो.” बघितलंस का? जीप आली नाही. एक बुधवार आली नाही, मी म्हटलं चिखल असेल. दुसऱ्या बुधवारीही नाही. तुझ्या शब्दावर मी ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसून राहिले, आणि मडक्यातलं औषध तळाला गेलं. शेवटी आत्याला ट्रकमध्ये टोपल्यांच्या ढिगावर बसवून बाजारगावी नेलं. वाटेत म्हणते, “मला विकायला नेतेस का गं? भाव चांगला घे.” तिला थट्टा सुचते. मला तिचे पाय दिसत होते.

दवाखान्यात नर्सबाईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, वर्गणीची पेटी रिकामी येते, जीपला डिझेल नाही, पैसे येईपर्यंत आमचा फेरा बाजारगावाच्या पुढे नाही. तिच्याकडे होतं त्यातलं थोडं औषध दिलं. दर खेपेला म्हातारीला ट्रकवर चढवून आण म्हणणं तिलाही बरं वाटत नव्हतं. “तुमचा तो फोटोवाला कागद चांगला चालला होता हो,” असं म्हणाली. तू लगेच हसू नकोस.

घरी आल्यावर आत्याने विचारलं, कसला कागद? मी तिला दाखवला. पत्र्याच्या डब्याखाली ठेवला होता. तिने हात लांब करून धरला, मग उन्हात नेऊन बघितला.

“ही वहिनी ना?”

“हो.”

“मग भांडलीस कशाला काडीशी? चांगली आलीय.”

“मान खाली घातलीय तिने आत्या. भीक मागत बसल्यासारखी.”

“भीक कसली? बोटं बघतेय ती.”

“बोटं कशाला बघेल? आई काय बघून विणणाऱ्यातली होती?”

“शेवटी होती. तू तेव्हा सासरी, तुझ्या संसारात होतीस. शेजारी मी बसायचे. कामटी बोटांत आहे की निसटली, हे तिला कळेनासं झालं होतं. बघितल्याशिवाय हात पुढे सरकायचा नाही तिचा.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“बोलू काय? पाय पक्का झाला म्हणून आम्ही सगळ्या तिला मानत होतो. मला वाटायचं, माझा कधी होईल असा.”

“मग?”

“मग झाला की.” असं म्हणून तिने आपले पाय माझ्यापुढे केले.

काडी, तुला नीट लिहिते, कारण तू अंगणात वाढलास तरी तुला हे कळायचं नाही, तू पोरगा, तुझ्या पायात कोणी कामटी दिली नाही. पक्का पाय म्हणजे तळवा घट्ट होतो, कुसळ टोचत नाही. पण बोटांना कामटी कळते. कळलीच पाहिजे, नाहीतर विणणार कशी? साखरेच्या दुखण्यात कुसळही कळत नाही आणि कामटीही कळत नाही. आम्ही अर्धंच बघितलं. कुसळ लागत नाही, वा वा, पाय पक्का झाला! मोठी टोपली द्या हिला! अशी चूक दुसरं कोणी करणार नाही, आम्हीच करू शकतो. शहरातल्या बाईच्या पायात काटा गेला आणि तिला कळला नाही तर ती घाबरेल. आमच्या बायका मिरवतात.

दुसऱ्या दिवसापासून मी कामटीला हात लावला नाही. ओळीच्या समोर जाऊन बसले आणि नुसती बघत राहिले. बायका वैतागल्या. “हिला काम नाही, आमची तोंडं काय बघते?” मी तोंडं बघत नव्हते. मी बघत होते कोणाचं तोंड खाली आहे. आपली रेडिओ आठवते ना, कोपऱ्यातल्या घरातली? जिचा आवाज डोंगरापलीकडे जायचा, जिच्यामुळे आपल्याला साऱ्या वस्तीच्या बातम्या फुकट मिळायच्या? ती वर्षभर गप्प आहे. मला वाटायचं लेक सासरी गेली म्हणून. अरे, कुठलं काय! ती पाय बघत होती. पाय बघायचा तर समोरचीच्या तोंडाकडे कसं बघणार, आणि तोंडाकडे बघितल्याशिवाय गप्पा कशा होणार? आमचं अंगण म्हातारं झालं म्हणून गप्प नाही झालं, काडी. त्याच्या पायातली जान गेलीय म्हणून गप्प झालंय.

नर्सबाईला निरोप धाडला. बिचारी आपल्या सुट्टीच्या दिवशी ट्रकमध्ये बसून आली. बायकांना डोळे मिटायला लावायची आणि पायाला बारीकशी तार टेकवायची. टेकली की हो म्हणा. रेडिओ डोळे मिटून बसली होती. म्हणते, “टेकवा की बाई, किती वाट बघायला लावता?” नर्सबाईची तार केव्हाच टेकवून झाली होती. कोणी हसलं नाही.

खाली बघतात म्हणून मी दाखवलेल्या सगळ्याच काही दुखण्याच्या निघाल्या नाहीत. एकीचे डोळेच अधू आहेत. आणि माझी धाकटी भावजय तर माझ्यावर रुसलीय म्हणून खाली बघत होती, तिचे पाय ठणठणीत. पण बाकीच्यांची बोटं टोचून रक्त बघितलं तर साखर चढलेली. रेडिओच्या टाचेला जखम होती, तिला ठाऊक नाही. वेळेवर सापडली म्हणाली नर्सबाई. मीही बसले तिच्यासमोर. डोळे मिटून अर्धी टोपली विणली. कामटी निसटली नाही. अजून तरी.

आता ऐक. फोटो परत लाव. पण खाली हे लिही: ‘ही बाई लाजून बसलेली नाही, भीकही मागत नाही. हिच्या बोटांना कामटी कळत नाही म्हणून ती बघतेय. हे साखरेचं दुखणं आहे. तुमच्या घरात कोणाच्या पायाला कळत नसेल तर आज पाय दाखवा. आणि ज्यांच्या वस्तीवर पाय दाखवायला कोणी येत नाही त्यांच्यासाठी पेटीत टाका.’ शुद्धलेखन तू बघ. शब्द बदलू नकोस.

जीप सुरू कर. औषध पंधरवड्यापुरतंच आहे.

ताई


१८ जुलै

ताई,

तुझं पत्र मी काचेखालच्या फोटोशेजारी ठेवून वाचलं. म्हणजे मामी माझ्यासमोर लाजली नव्हती. इतकी वर्षं मी त्या लाजण्यावर जगलो. आता तो फोटो बघवत नाही आणि बाजूलाही ठेववत नाही. ती बोटं मला आता स्पष्ट दिसतात. अंगठ्याशेजारच्या बोटातली कामटी निसटलेलीच आहे. मी तेव्हा तिच्या पुढ्यात उभा होतो.

तुझा मजकूर मी सेक्रेटरीबाईंना वाचून दाखवला. त्या वाईट नाहीत, ताई. त्यांनी या कामासाठी पुष्कळ उंबरे झिजवलेत. पण त्या म्हणाल्या, “हे फार लांबलचक आहे हो. लोक उभ्याउभ्या वाचतात. आणि बोटं बघून कोणी पैसे देत नाही, चेहरा बघून देतात. तुमच्या मामींचा चेहरा बोलतो. त्यावर ‘उजेड’ हा शब्द बसतो. दुसऱ्या ओळी आत कुठेतरी बारीक छापू.” मी वाद घातला. मला तुझ्यासारखं भांडता येत नाही, माझा आवाज मध्येच बसतो.

त्यांनी एक सुचवलंय. पुढच्या महिन्यात पाच तारखेला मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. शहरातले दुकानदार, कारखानदार, डॉक्टर, सगळे येतात. एका दिवसात वर्षभराच्या जीपची सोय होते तिथे. मामींच्या मुलीने यावं, असं त्यांच्या मनात आहे. आपला जुना पोशाख घालून यायचं, हात जोडून दोन शब्द आभाराचे बोलायचे, मागे पडद्यावर मामींचा फोटो असेल. खर्च संस्थेचा. तू आलीस तर पैसे नक्की येतील, असं त्या म्हणतात, आणि मलाही तसं वाटतं.

तोपर्यंत आईचं औषध मी ड्रायव्हरबरोबर बर्फात घालून पाठवतोय. एकच बाटली मिळाली. जपून.

काल जेवणाच्या सुट्टीत मी टेबलाखाली बूट काढले आणि पायाच्या बोटांत पेन्सिल धरून बघितली, डोळे मिटून. मला आठवलं, लहानपणी मी तुमच्या ओळीत येऊन बसायचो आणि तुम्ही पोरी मला हाकलायच्या, हा काय विणणार म्हणून. असो.

रेडिओमावशीला सांग, मी विचारत होतो. तिने मला कितीदा पेरू दिलेत. येशील का, ते कळव.

तुझा काडी


२३ जुलै

काडी,

‘असो’ म्हणजे काय? पेन्सिल कळली की नाही कळली? अर्धं वाक्य लिहून असो म्हणायची तुझी खोड लहानपणापासूनची. पेरूचं झाड मोडलंस तेव्हाही “मी झाडावर चढलो, असो” एवढंच सांगितलं होतंस. तुझ्या आईला साखर आहे, मामीला होती. तू दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या साखरेसाठी पत्रकं छापतोस आणि स्वतःचं बोट टोचून घेतलंयस का कधी? आधी ते कर. मग मला सल्ले दे.

बाटली आली. बर्फ वाटेत वितळला होता पण नर्सबाईने बघून चालेल म्हणून सांगितलं. मडक्यात ती एवढीच आहे आता. आत्या रोज सुई टोचताना विचारते, “काडीचं काय ठरलं?” मी सांगते ठरतंय. ती म्हणते, “ठरू दे, मी कुठे पळून चाललेय.” काल तिच्या पायाला तेल लावत होते. पायाच्या बोटांत कामटी घालून विचारलं, कळतेय का गं? डोळे मिटून म्हणाली, “कळतेय.” मी कामटी काढून घेतलेली होती.

आता त्या सेक्रेटरीबाईंना माझं सांग. त्या वाईट नसतील. उंबरे झिजवले असतील तर मी त्यांना नमस्कार करते, खरंच करते. त्यांच्या जीपमुळे आत्या इतके दिवस राहिली. चेहरा बघून लोक देतात म्हणाल्या ना, तेही खरं असेल, मला काय माहीत, मी कधी कोणाकडे मागितलं नाही. फोटो त्यांना दिला. लावा. बँकेत लावा, बसथांब्यावर लावा, जिथे लावायचा तिथे लावा. मी खरवडणार नाही.

मी यायलाही तयार आहे. पण मी तिथे उभी राहून आभार मानणार नाही. मी ओल्या बांबूच्या कामट्या घेऊन येईन, त्या मोठ्या लोकांच्या पुढ्यात खाली बसेन आणि पाय पसरून विणेन. विणता विणता सगळ्यांच्या तोंडांकडे बघेन, आई बघायची तशी. कोण काय खातोय, कोण डुलक्या घेतोय, सगळं बघेन. मग सांगेन त्यांना, पक्का पाय म्हणजे काय, आणि आम्ही काय समजत होतो, आणि माझी आई खाली का बघतेय. आणि मग सगळ्यांना बूट काढायला लावीन. दुकानदाराला, कारखानदाराला, डॉक्टरलासुद्धा. डोळे मिटा म्हणेन. नर्सबाईची तार मागून घेतलीय. तिथे कोणाकोणाच्या पायाला कळत नाही ते बघू, मग अंधार कुठे आहे ते आपण ठरवू. रेडिओ येते म्हणतेय. तिची टाच भरत आलीय आणि तिला तोंड फुटलंय, ट्रकमध्ये बसेपर्यंत ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची माहिती काढेल. अंगणात परवा तिने माझी नक्कल केली, ओळीसमोर हात बांधून बसलेली मी. सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही. कितीतरी वर्षांनी अंगणात तसा आवाज झाला रे. तुला ऐकू यायला हवा होता.

आणि फोटोखाली माझ्या ओळी. आत बारीक नाही. खाली, मोठ्या. लांब वाटत असतील तर ‘उजेड’ काढा, ‘भगिनी’ काढा, ‘अज्ञान’ काढा, भरपूर जागा होईल. आणि पहिला फोटो आमच्या वस्तीच्या दुकानावर लागला पाहिजे, त्या रंगीत बाटल्यांच्या वर. शहरातल्या लोकांनी पैसे द्यायच्या आधी आमच्या बायकांनी तो बघायला हवा.

त्या हो म्हणाल्या तर ठीक. नाही म्हणाल्या तर तेही ऐकून ठेव. तरी मी येईन. जुना पोशाख घालीन, हात जोडीन, तुम्ही लिहून द्याल ते आभार जोडाक्षरं चुकत म्हणून दाखवीन. आत्यासाठी मी ते करीन. मडकं रिकामं ठेवून मान ताठ ठेवण्यात मला रस नाही. पण मग तू पहिल्या रांगेत बसायचंस. मागे पडद्यावर ‘अज्ञानी भगिनी’ म्हणून आपली आई असेल, मी पुढे हात जोडून उभी असेन, आणि माझं बोलणं संपेपर्यंत तू माझ्याकडे बघत राहायचंस. उठायचं नाही, पाणी प्यायला जायचं नाही.

दोन्हीपैकी काय ते ठरवा. ट्रक शुक्रवारी दुपारी तुमच्या गल्लीत टोपल्या उतरवतो. उत्तर ड्रायव्हरजवळ दे. आवाज बसत असेल तर लिहून दे. कामट्या भिजत घालायच्या की नाही, हे मला शनिवारी सकाळी कळलं पाहिजे.

ताई